सहानंतर पाणी नाही

१२ जुलै

शाळेच्या नर्सबाईंना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी पाचवी 'ब'मधल्या भिंगरीची आई. हजेरीपटावर तिचं नाव वेगळं आहे, पण त्या नावानं हाक मारली तर तीच मागे वळून बघते, की ही कोण बुवा. एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून तिच्या बाबांनी भिंगरी केलं. ते गेल्याला आता चार वर्षं होतील.

मी तिथून चौदा तासांच्या रस्त्यावर आहे. एका घरी अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत, त्यांचं सगळं करते. राहायचं इथंच, सुट्टी वर्षातून दोनदा. फोन मालकीणबाईंच्या खोलीत, तो आपण फक्त वाजताना ऐकायचा. म्हणून पत्र. भिंगरी माझ्या नणंदेकडे राहते. तिची स्वतःची दोन मुलं, जागा दीड खोलीची. मनानं वाईट नाही हो, पण सकाळपासून तिचे हात रिकामे नसतात.

शाळेनं आरोग्याचा फॉर्म धाडला होता, तो भरून सोबत ठेवलाय. टोचायच्या सगळ्या लसी झाल्यात. थंडीत डावा कान दुखतो. 'घराण्यात कुणाला मोठा आजार' ह्याच्यासमोर 'नाही' लिहिलंय.

एकच मागणं आहे. तिनं कधी काही दुखतंय म्हटलं तर मला कळवाल का? आत्याला सांगायला ती बिचकते, आणि मला सांगायला मी तिथं नाही.

भिंगरीची आई


२४ जुलै

भिंगरीच्या आई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. पालकांकडून मला पत्रं येतात ती बहुतेक 'आमच्या मुलाला खेळाच्या तासातून सूट द्यावी' अशी. तुमचं वाचून बरं वाटलं.

माझी खोली जिन्याखाली आहे. एक खाट, एक वजनकाटा, आणि लाथ घातल्याशिवाय न उघडणारं एक कपाट. शाळेत मुलं अकराशे आणि त्यांना मी एकटी. शिवाय शिक्षकही येतात. कुणाचा घसा बसलेला, कुणाचं ब्लडप्रेशर वाढलेलं. पाचवी 'ब'च्या बाई तर आठवड्यातून एकदा दंड पुढे करून बसतात आणि म्हणतात, "आकडा मला सांगू नका, नुसती मान हलवा."

तुमची लेक मला आधीच माहीत झालीय. ह्या महिन्यात चारदा आली. दर वेळी पोटात दुखतं. पोट मी दाबून पाहिलं, मऊ आहे, ताप नाही. काळजीचं काही नाही. गेल्या महिन्यातच आम्हाला मुलांच्या मानसिक आरोग्यावर दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, मुलांना मनातलं बोलता येत नाही, ती पोटातून बोलतात. ते ऐकल्यापासून माझे डोळे उघडले. आधी मी अशा मुलांना नुसत्या गोळ्या देत होते!

तिला तुमची आठवण येते, एवढंच आहे. मी तिला दहा मिनिटं खाटेवर पडू देते, पाणी देते, दोन गोष्टी करते आणि वर्गात धाडते. तुम्ही निर्धास्त राहा.

शाळेतली नर्स


८ ऑगस्ट

नर्सबाई,

तुमचं पत्र मी आजींना वाचून दाखवलं. त्यांना ऐकू कमी येतं, तरी म्हणाल्या, "बाई चांगली दिसते." मलाही तसंच वाटलं.

माझ्या आठवणीनं तिचं पोट दुखतं हे वाचून मात्र दोन दिवस घास गिळला नाही. मालकीणबाईंकडे चार दिवसांची रजा मागितली. त्या म्हणाल्या, मग आजींचं कोण बघणार. त्यांचंही खोटं नाही.

आता लाज वाटणारी गोष्ट लिहिते. आत्याचं पत्र आलंय. भिंगरी गादी ओली करते. अकरा वर्षांची घोडी, आणि रोज! दोन मुलं शेजारी झोपतात, ती चिडवतात. गादी वाळत घालायला जागा नाही, आत्या रडकुंडीला आलीय. तहान म्हणे फार लागते, घोटाघोटानं नाही, तांबेच्या तांबे रिचवते. तीन वर्षांची झाल्यापासून कधी गादी ओली झाली नव्हती.

तुम्ही तिला बोलतं कराल का? पण मी सांगितलं असं कळू देऊ नका. तिला मेल्याहून मेल्यासारखं होईल.

भिंगरीची आई


१७ ऑगस्ट

भिंगरीच्या आई,

लाजायचं काय त्यात. मोठी मुलंसुद्धा घर बदललं, आईपासून लांब राहिली की असं करतात. प्रशिक्षणात हे अगदी असंच सांगितलं होतं. पाणी पिणं हीसुद्धा एक चाळा होऊन बसलेली सवय असते. वर्गातूनही ती तासाला दोनदा उठते, असं बाई म्हणाल्या. बाकीची पोरं हसतात, मग तिला आणखी उठावंसं वाटतं. लक्ष वेधून घ्यायचं, दुसरं काही नाही.

आत्यांना मी शाळेत बोलावून घेतलं होतं. साधा उपाय सांगितला. संध्याकाळी सहानंतर पाणी नाही. झोपायच्या आधी बाथरूमला नेऊन आणायचं. गादी कोरडी राहिली की शाबासकी, ओली झाली तर ओरडायचं नाही. महिन्याभरात फरक पडेल.

परवा सगळ्या पाचवीची वजनं घेतली. तिचं सत्तावीस भरलं, जूनमध्ये एकतीस होतं. मी दचकले, पण काटा नवीन आलाय आणि तो सगळ्यांनाच थोडं कमी दाखवतो. तरी डबा पूर्ण खाते का बघा, असं आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "डबा? दोन डबे दिले तरी खाईल."

म्हणजे भूक चांगली आहे. ही चांगलीच खूण.

शाळेतली नर्स


३० ऑगस्ट

नर्सबाई,

आत्याचं पत्र काल आलं. सहानंतर पाणी ती देत नाही. माठ उचलून वर ठेवते. आणि परवा भिंगरी बाथरूममधल्या बादलीतलं पाणी पिताना सापडली. कपडे भिजवायच्या बादलीतलं. आत्यानं एक ठेवून दिली आणि मग स्वतःच रडत बसली, असं तिनंच लिहिलंय.

त्याच पाकिटात भिंगरीची चिठ्ठी होती. तिचं अक्षर असं नव्हतं हो. ओळी सगळ्या खाली घसरल्यात. लिहिलंय, "आई, मी हट्ट करत नाही. मला खरंच लागते."

तिला एकदा डॉक्टरकडे न्यायला हवं का? तुम्ही म्हणाल तर मी आत्याला लिहिते, एक दिवस कामावर खाडा कर म्हणून. तुम्ही सांगाल तसं.

भिंगरीची आई


६ सप्टेंबर

भिंगरीच्या आई,

घाईत लिहितेय. सोमवारपासून शाळेत आरोग्य सप्ताह आहे, तपासणीला वरून पाहुणे येणार, आणि सगळे तक्ते माझ्याच गळ्यात. त्यात पाचवी 'ब'च्या बाई ब्लडप्रेशरनं रजेवर गेल्या. शेवटी आकडा त्यांना सांगावाच लागला.

बादलीचं वाचून वाईट वाटलं. पण सवय मोडताना मुलं शेवटचा जोर लावतात, तेव्हाच आपण डगमगायचं नसतं. डॉक्टरकडे आत्ता नको. उगाच तिच्या डोक्यात बसेल की आपण आजारी आहोत. सप्ताह उरकला की मी स्वतः तिच्याशी निवांत बोलेन.

शाळेतली नर्स


३ ऑक्टोबर

भिंगरीच्या आई,

हे पत्र तुम्ही फाडून टाकलंत तरी मला काही म्हणायला जागा नाही. पण फाडायच्या आधी वाचा.

तुम्ही दवाखान्यात आलात तेव्हा पिशवी तुमच्या खांद्यावरच होती. तुम्ही मला विचारलंत, "काय झालं?" आणि मी म्हणाले, "अचानक झालं." ते खोटं होतं. अचानक काही झालं नाही. काय झालं ते मी आता सांगते.

नऊ सप्टेंबरला दुसऱ्या तासाला ती माझ्या खोलीत आली. मी खुर्चीवर उभी राहून भिंतीला तक्ता चिकटवत होते. तिचा श्वास जोरजोरात चालला होता. मी म्हटलं, "धावत आलीस ना?" तिनं मान हलवून नाही म्हटलं. मी म्हटलं, "बरं, पड जरा." जवळ गेले तर तिच्या तोंडाला पिकून गळलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता. मला वाटलं गोळ्या-चॉकलेट खाल्लंय. मी हसून म्हणालेसुद्धा, "हे खाऊन पोट दुखणार नाही तर काय होणार?"

तिनं पाणी मागितलं. मी दिलं. परत मागितलं, दिलं. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा मी म्हणाले, "पुरे आता, नाहीतर आज परत गादी ओली." खोलीत आणखी दोन मुली होत्या, गुडघ्याला पट्टी लावून घ्यायला आलेल्या. त्या हसल्या. भिंगरी उठली, चपला घातल्या आणि वर्गात गेली. मी धाडलं नाही, ती आपणहून गेली, असं मी चार दिवस स्वतःला सांगत होते. पण तिला घालवलं मीच.

मधल्या सुट्टीत ती मैदानाकडच्या नळापाशी पडलेली सापडली. नळ चालू होता. वर्गावर बदली आलेले सर तिला उचलून घेऊन आले. त्यांना तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. हेडसरांच्या गाडीतून आम्ही तिला नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचा श्वास ऐकला, वास घेतला आणि मला तीन प्रश्न विचारले. तहान जास्त लागत होती का? लघवीला सारखी जात होती का? वजन उतरलं होतं का? तिन्हींची उत्तरं मला पाठ होती. वजन मीच घेतलं होतं, बाकीचं तुम्ही पत्रातून मला कळवत होतात आणि मी तुम्हाला प्रशिक्षणातलं ऐकवत होते.

साखरेचा आजार लहान मुलांनाही होतो, हे नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. मी त्यात चांगल्या मार्कांनी पास झालेय. बाकीच्यांचं वजनसुद्धा नव्या काट्यावर मी नंतर ताडून पाहिलं. कुणाचंच चार किलो उतरलेलं नाही.

आणि पाणी बंद करायला मी सांगितलं. आत्यांनी फक्त माझं ऐकलं. त्यांना बोल लावू नका.

हेडसर म्हणाले, "कागदावर काही द्यायचं नाही, शाळेचं नाव आहे." त्यांना मी हो म्हटलं. म्हणून हे पत्र घरून लिहितेय. तुम्हाला कुठे तक्रार करायची असेल तर हे पत्र जोडा. मी नाकारणार नाही.

तीन दिवस ती शुद्धीवर नव्हती तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होते. ती जागी झाल्यावर आत गेले, तर तिनं भिंतीकडे तोंड केलं. माफी मागायला शब्द शोधतेय, पण जे सापडतात ते सगळे मला सोडवणारे आहेत. म्हणून थांबते.

नर्स


२ नोव्हेंबर

नर्सबाई,

तुमचं पत्र आलं त्याला महिना झाला. दोनदा चुलीत टाकायला उठले. मग ठेवलं.

तुम्ही खरं लिहिलंत, तर मलाही लिहायला हवं. फॉर्मवर मी 'नाही' लिहिलं होतं ते खोटं होतं. माझ्या पाठचा भाऊ आठ वर्षांचा असताना गेला. पाणी पाणी करत गेला. माझं लग्न ठरताना आईनं बजावलं होतं, ह्याचं कुठे बोलायचं नाही. तिथून जी गप्प बसायची सवय लागली ती लागलीच.

बादलीचं वाचलं तेव्हा मला भाऊ आठवला होता. लख्ख आठवला. तरी तुम्हाला विचारताना त्याचं लिहिलं नाही, नुसतं विचारलं, डॉक्टरकडे न्यायला हवं का. तुम्ही 'नको' म्हणालात आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं, नर्सबाई. त्याचं मी आता काय करू?

पण म्हणून तुमचं-माझं फिटलं असं समजू नका. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तिचं तोंड भिंतीकडे होतं ते मला दिसत होतं, आणि का होतं ते आता कळलं. तक्रार मी करणार नाही. तुम्हाला घरी बसवून तिची साखर उतरणार नाही.

आजींकडचं काम सुटलं. आम्ही दोघी माझ्या मामांच्या गावी आलोय. मी एका कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीला लागलेय. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन मी देते. आधी माझीच सुई दोनदा मागे यायची. आता ती स्वतः मांडी पुढे करते आणि दुसरीकडे बघते. रडत नाही. एका जागी बसून राहते. बसून राहा असं कुणी सांगितलेलं नाही.

ज्यासाठी लिहायला बसले ते असं. गेल्या मंगळवारी ती शाळेतून आली ती घामानं भिजलेली, ओठ पांढरे, हात लटपटत होते. विचारलं, काय होतंय गं? म्हणाली, "काही नाही." इंजेक्शनानं कधी कधी साखर फारच खाली येते, तशी आली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी माणसात आली. मग मी विचारलं, अगं शाळेत का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "सांगून काय होतं?"

चिडून नाही म्हणाली. किती वाजले हे सांगावं तसं म्हणाली.

इथल्या शाळेत नर्स नाही. वर्गाच्या बाई तरुण आहेत, बऱ्या वाटतात, पण वर्गात बावन्न मुलं. मी जाऊन सांगितलं तर त्या हो हो म्हणाल्या. आईची काळजी, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तुम्ही त्यांना लिहा. आजाराची माहिती डॉक्टरांनी छापील दिलीय, ती नको. तुमच्या हातून काय झालं ते लिहा. लाज वाटेल ते आधी लिहा. पत्ता मागे आहे, ती वर्गात कुठे बसते तेही.

भिंगरीची आई


१२ नोव्हेंबर

पाचवीच्या वर्गशिक्षिका बाईंना,

आपली ओळख नाही. तुमच्या वर्गात गेल्या महिन्यात एक नवीन मुलगी आलीय. ती आधी ज्या शाळेत होती तिथली मी नर्स. तिच्या आईच्या सांगण्यावरून लिहितेय.

ही मुलगी दोन महिन्यांत माझ्याकडे तेरा वेळा आली. ती खरं सांगत होती आणि मी तेराही वेळा तिला काही झालेलं नाही असं ठरवलं. तिला तहान लागायची ते मला नाटक वाटलं. सारखी बाथरूमला जायची ते लक्ष वेधणं वाटलं. वजन उतरलं तेव्हा मी काट्याला दोष दिला. तिचं पाणी मी तोडलं. इतर मुलींसमोर तिला गादीवरून बोलले. त्यानंतर तासाभरात ती बेशुद्ध पडली. मी बेपर्वा होते म्हणून हे झालं असं तुम्हाला वाटेल. मी बेपर्वा नव्हते. मी तिच्याशी प्रेमानं वागत होते, वेळ देत होते, आईला मोठमोठी पत्रं लिहीत होते. फक्त तिचं ऐकत नव्हते.

आता तिला साखरेचा आजार आहे. त्याची औषधं आई बघते. शाळेत तुम्हाला एवढंच बघायचंय. तिला पाणी प्यायला आणि बाथरूमला जायला कधीही अडवू नका, हात वर करायला लावू नका. डब्याची वेळ पुढे ढकलू नका, परीक्षा असली तरी. ती विनाकारण चिडली, पेंगायला लागली, अक्षर वेडंवाकडं यायला लागलं, घाम फुटला, तर तिला दटावू नका. लगेच साखरेचं पाणी द्या, थोड्या वेळानं काहीतरी खायला द्या, आणि तिला एकटीला कुठेही पाठवू नका, माझ्यासारख्या कुणाकडेसुद्धा नाही. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. साखरेचा डबा तुमच्या टेबलाच्या खणात ठेवा. कुलूप लावू नका.

बावन्न मुलांत हे सगळं बघणं किती अवघड आहे हे मला कळतं. तुमची स्वतःची तब्येत कोण बघतं, हेही मला विचारावंसं वाटतं, पण त्याचं उत्तर मला इथूनच माहीत आहे.

आणखी एक, आणि हे कुठल्याच छापील कागदावर नाही. ती तुम्हाला काही सांगायला येणार नाही. विचारलंत तर "काही नाही" म्हणेल. तेव्हा दर तासाला एकदा तुम्हालाच उठून तिच्या बाकापर्यंत जावं लागेल. ती खिडकीकडच्या रांगेत, शेवटून दुसऱ्या बाकावर बसते, असं तिच्या आईनं मला कळवलंय.

आधीच्या शाळेतली नर्स